सनदेआधीचं गाव

योआखिमस्ताल या खाणगावाच्या पहिल्या वर्षांचा सगळ्यात बोलका पुरावा कागदावर नाही, चांदीवर आहे. जेमतेम २९ ग्रॅम वजनाचं एक नाणं. एका बाजूला हातात काठी घेतलेला संत योआखिम आणि त्याच्यापाशी श्लिक घराण्याची ढाल. कडेनं लॅटिनमधली तोडून बसवलेली अक्षरं आहेत. ती सोडवली की अर्थ लागतो : श्लिक सरदार श्टेफान आणि त्याचे भाऊ, बासानोचे काउंट, यांचं हे चिन्ह. नाणं उलटलं की बोहेमियाचा सिंह दिसतो आणि कडेला राजा लुडविकचं नाव. १५२० साल घातलेली नाणी मिळतात, साल नसलेलीही मिळतात.

अशा नाण्याला सनदेसारखं वाचता येतं, कारण त्यावरचं प्रत्येक अक्षर कुणाच्या तरी हक्कासाठी तिथे आलेलं असतं. श्टेफानच्या नावापुढे ‘आणि भाऊ’ आहे, म्हणजे गाव एकट्याचं नव्हतं, घराण्याचं होतं. राजाचं नाव आहे, पण सरदाराची ढालही आहे. नाणं पाडणं हा राजाचा अधिकार. तो जिथे निर्विवाद असतो तिथे सरदाराला अशी जागा मिळत नाही, आणि सरदार पुरता स्वतंत्र असेल तर तो राजाचं नाव घालायच्या भानगडीत पडत नाही. या दोन बाजूंच्या मधे एक तडजोड आहे. ती केव्हा आणि कशी झाली हे पाहिलं की गावाचा जन्म बऱ्यापैकी उलगडतो.

आज या गावाला याखिमोव्ह म्हणतात. झेक प्रजासत्ताकाच्या वायव्य टोकाला, जर्मनीच्या सॅक्सनी प्रांताच्या सीमेलगत, क्रुश्ने होरी नावाच्या डोंगररांगेतल्या एका अरुंद खोऱ्यात ते लांबट पसरलेलं आहे. कार्लोव्ही व्हारी हे गरम झऱ्यांचं प्रसिद्ध शहर तिथून २० किलोमीटरच्या आसपास. वस्ती अडीच हजारांच्याही आत. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम खेड्याएवढं हे गाव सोळाव्या शतकात बोहेमियात, म्हणजे तेव्हाच्या झेक राज्यात, प्राग शहराच्या खालोखाल मोठं होतं असं सांगितलं, तर ऐकणारा पुरावा मागेल. मागायलाही हवा.

मुळात इथे शहर होण्यासारखं काहीच नव्हतं. डोंगराळ भाग, लांबलचक हिवाळा, शेतीला सपाट जमीन नाही, मोठी नदी नाही, जुना व्यापारी रस्ता नाही. कोन्राड्सग्र्युन नावाची एक वस्ती पूर्वी होती, पण ती ओस पडली होती. १५१२ च्या सुमारास त्या ओसाड जागी चांदीच्या शिरा सापडल्या. पलीकडे सॅक्सनीत ही गोष्ट नवी नव्हती. फ्रायबेर्गला बाराव्या शतकापासून चांदी निघत होती, श्नेबेर्गला पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात निघाली आणि १४९६ मध्ये आनाबेर्ग वसलं. डोंगराच्या त्या उतारावर खाणीचं ज्ञान, अवजारं, भट्टीवाले, हिशेबनीस आणि पैसे लावणारे सावकार सगळे तयार होते. या वेळी चांदी मात्र सीमेच्या या बाजूला सापडली, आणि ती जमीन श्लिकांची होती.

१५१६ मध्ये श्टेफान श्लिकनं सॅक्सन भागीदारांना सोबत घेऊन काम पद्धतशीर सुरू केलं. गावाच्या स्थापनेचं साल म्हणून हेच धरतात. मात्र त्या साली कुठली सनद झाली नाही, की कुणा राजानं फर्मान काढलं नाही. खोदणारे आले, झोपड्या उठल्या, लाकडाची घरं उभी राहिली, इतकंच. कायदा, अधिकार, दर्जा, नाणं या सगळ्याचे कागद नंतरचे आहेत. आधी माणसं, मग नियम, मग राजाची मंजुरी असा हा क्रम आहे. गावाच्या इतिहासात तो सहसा उलटा लावून सांगतात : राजानं शहर दिलं, मग ते वाढलं. कागदांच्या तारखा ओळीनं मांडल्या की हा समज टिकत नाही.

नावही या घाईची साक्ष देतं. पलीकडचं आनाबेर्ग संत आनाचं, म्हणजे ख्रिस्ती परंपरेतल्या मेरीच्या आईचं. योआखिम हा आनाचा नवरा. पुढे १५२१ मध्ये सॅक्सनीत मारियनबेर्ग वसलं, तेव्हा लेकही आली. नव्या खोऱ्याला योआखिमचं नाव देताना भक्ती असेलच, पण त्यात जाहिरातही होती असं मला वाटतं. आनाबेर्गची भरभराट ऐकून असलेल्या खाणकऱ्याला हे नाव ऐकताच समजायचं की हे गाव त्याच घरातलं.

पहिला भरभक्कम कागद १५१८ चा, योआखिमस्तालचा खाण-कायदा. तो आनाबेर्गच्या १५०९ च्या कायद्यावर बेतलेला आहे. कायदा उसना घेतला यात कमीपणा नव्हता. ज्यांना बोलवायचं होतं ते खाणकरी आणि पैसेवाले तोच कायदा ओळखत होते. नवी पेठ वसवताना आपल्याकडे व्यापाऱ्यांना आणि कारागिरांना कौल दिला जाई, अमुक वर्षं पट्टी माफ, अमुक हक्क अबाधित, तसाच या कायद्याचा खरा श्रोता गावात अजून न आलेला माणूस होता. तुमची मेहनत आणि तुमचा पैसा इथे कुणाच्या लहरीवर नाही, एवढं त्याला पटवायचं होतं.

या व्यवस्थेचा कणा म्हणजे हिस्सेदारी. एक खाण एका माणसाची नसे. तिचे १२८ हिस्से पाडत आणि ते विकता, विकत घेता, वारसांना देता येत. सॅक्सनी-बोहेमियातल्या खाणींचं सगळ्यात तपशीलवार वर्णन करणाऱ्या गेओर्ग अग्रिकोलानं १५५६ मध्ये छापलेल्या आपल्या मोठ्या ग्रंथात ही वाटणी दिली आहे. श्नेबेर्गला १२६ हिस्से खासगी, एक राज्याचा, एक चर्चचा. योआखिमस्तालला मात्र खासगी हिस्से १२२ च. चार जमिनीच्या मालकाकडे, आणि राज्य व चर्च यांना एकेक. काही ठिकाणी गोरगरिबांसाठी अलीकडेच आणखी एक हिस्सा वाढवला गेला, त्यामुळे बेरीज १२९ होते, असंही तो सांगतो.

ते चार हिस्से म्हणजे नाण्यावरची ढालच, फक्त आकड्यांत लिहिलेली. ज्याच्या जमिनीत चांदी निघाली त्यानं स्वतःसाठी प्रत्येक खाणीत कायमचा वाटा राखून ठेवला. उरलेल्या हिस्सेदारांच्या डोक्यावर दोन शक्यता असत. खाणीत चांदी लागली तर तिमाहीच्या हिशेबात नफा वाटला जाई. नाही लागली तर हिस्सेदारानं उलट भर घालायची. भर न घालणाऱ्याचा हिस्सा जाई. लांब कुठल्या शहरात बसलेला व्यापारी, विद्यापीठातला प्राध्यापक, एखादा पाद्री असे लोक या खोऱ्यात पाऊल न ठेवता खाणींचे हिस्सेदार होऊ शकत. खुद्द अग्रिकोलाचाही इथून जवळच्या आबेर्टाम गावच्या एका खाणीत हिस्सा होता आणि त्यातून त्याला चांगली प्राप्ती होई. त्याचं वर्णन वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवावी. तो त्रयस्थ निरीक्षक नव्हता.

खाली उतरणाऱ्यांचं जगणं त्याच ग्रंथात आहे. दिवसाच्या २४ तासांत तीन पाळ्या, प्रत्येक ७ तासांची. पहिली पहाटे चारला, दुसरी दुपारी बाराला, तिसरी रात्री आठला. मधला एकेक तास येण्याजाण्याचा. रात्रपाळी निकड असेल तरच लावायची. काही ठिकाणी लागोपाठ दोन पाळ्या कुणाला करू द्यायच्या नाहीत, कारण दमलेला माणूस खाली झोपी जातो. शनिवारी बाजारहाट, रविवारी प्रार्थना. रात्रपाळीचे लोक गाणी म्हणत काम करतात आणि त्यांचे आवाज अगदीच अशिक्षित किंवा कर्कश नसतात, अशी नोंदही अग्रिकोलानं केली आहे. हे नियम एका योआखिमस्तालचे नव्हेत, त्या सगळ्या पट्ट्याचे आहेत. आणि नियम म्हणजे वस्तुस्थिती नव्हे. दोन पाळ्यांना मनाई करावी लागली याचा अर्थ कुणीतरी त्या करत होतं, एवढं मात्र निश्चित काढता येतं.

सगळं सुरळीत चाललं होतं असं समजायचं कारण नाही. १५२५ मध्ये जर्मन मुलखात शेतकऱ्यांचं मोठं बंड पेटलं तेव्हा या खोऱ्यातले खाणकरीही उठले. या लोकांना संघटनेची सवय होती. आजारी आणि जखमी सोबत्यांसाठी पगारातून पैसे जमा करणारी त्यांची सामाईक पेटी होती. ज्या खोऱ्यात दहा वर्षांपूर्वी कुणी राहत नव्हतं तिथे संघटितपणे उठाव करण्याएवढे लोक होते, ही गोष्ट लोकसंख्येच्या कुठल्याही आकड्याइतकीच बोलकी आहे.

१५२० कडे परत जाऊ. ६ जानेवारीला राजा लुडविकनं योआखिमस्तालला स्वतंत्र खाण-नगराचा दर्जा दिला. त्याच आठवड्यात बोहेमियाच्या सभेनं श्लिकांना नाणी पाडायला मान्यता दिली. टांकसाळ मात्र १५१९-२० च्या संधीतच सुरू झाली असं मानतात. म्हणजे इथेही मंजुरी कामाच्या मागोमाग आली. लुडविक तेव्हा चौदाही वर्षांचा नव्हता. बोहेमियात खरी सत्ता सरदारांच्या हातात होती, आणि श्लिक त्याच सरदारांपैकी. नाण्यावरची तडजोड समजायला एवढं पुरे. बालराजाचं नाव घातल्यानं राजाचा मान राहिला, श्लिकांची ढाल घातल्यानं व्यवहार राहिला.

पण चांदी तशीच विकता येत असताना नाणीच का पाडायची? कारण खाणीतली चांदी सरकारी टांकसाळीला ठरलेल्या भावानं घालावी लागे आणि तो भाव बाजारापेक्षा कमी असे. स्वतःची टांकसाळ असली की तो फरक आपल्याकडे राहतो. शिवाय मोठ्या नाण्याची गरज त्या काळी सगळ्यांनाच भासत होती. सोन्याच्या गुल्डेनएवढ्या किमतीचं चांदीचं जाडजूड नाणं टिरोलमध्ये १४८६ मध्ये निघालं होतं, सॅक्सनीत १५०० च्या सुमारास. श्लिकांनी कल्पना शोधली नाही. त्यांच्याजवळ चांदी इतकी होती की ते हे नाणं अमाप पाडू शकले. लाइपझिगच्या जत्रेत ते ओतलं गेलं आणि तिथून पसरलं. लोक त्याला गावाच्या नावानं योआखिमस्तालर म्हणू लागले, मग नुसतं टालर. डॉलर हे त्याचंच दूरचं रूप. हा एक किस्सा बहुतेकांना ठाऊक असतो आणि गावाची ओळख तेवढ्यावरच संपते, म्हणून इथे त्यावर जास्त थांबत नाही.

२९ ऑगस्ट १५२६ ला मोहाचच्या रणात सुलतान सुलेमाननं हंगेरीची फौज बुडवली. हंगेरीचाही राजा असलेला लुडविक पळताना मेला. श्टेफान श्लिकही त्या दिवसानंतर कुणाला दिसला नाही. नाण्याच्या दोन्ही बाजूंचे धनी एकाच दिवशी गेले. पुढचा राजा हाब्सबुर्ग घराण्यातला फर्डिनांड. तो बालराजा नव्हता. १५२८ मध्ये त्यानं टांकसाळीचा हक्क श्लिकांकडून काढून घेतला आणि १५४५ मध्ये गाव आणि खाणीही राजसत्तेकडे गेल्या. या तारखांतला १५२८ महत्त्वाचा. योआखिमस्तालच्या चांदीचं खरं शिखर त्यानंतर, १५३० च्या दशकात आलं. ज्या घराण्यानं गाव वसवलं त्याच्या हातून टांकसाळ शिखराआधीच गेली होती. योआखिमस्तालच्या नाण्यावर श्लिकांची ढाल दिसली की ते नाणं १५२८ पर्यंतचं, एवढं तारीख नसतानाही सांगता येतं.

आता साक्षीदारांकडे वळू. या गावाचं नशीब असं की त्याला दोन लिहिणारे डोळे लाभले, आणि दोघांनी लिहिलेलं गावाबाहेर छापलं गेलं. १८७३ च्या मोठ्या आगीत गावातलं मुख्य चर्च आतल्या मौल्यवान वेदीचित्रासकट जळालं. बाझेल आणि न्यूरेंबेर्गला छापलेल्या पुस्तकांना त्या आगीची झळ लागणं शक्यच नव्हतं.

पहिला साक्षीदार अग्रिकोला. १५२७ मध्ये तो इथे वैद्य म्हणून आला आणि तीनेक वर्षं राहिला. ग्रीक आणि रोमन ग्रंथांत सांगितलेली खनिज औषधं प्रत्यक्षात कोणती, हा त्याचा मूळ प्रश्न होता. त्यासाठी तो खाणीत, भट्ट्यांवर, दगडांच्या ढिगाऱ्यांवर फिरे. त्यातून १५३० मध्ये बाझेलला ‘बेर्मानुस’ हा संवाद छापला गेला. त्याला इरॅस्मसनं पत्ररूपानं शिफारस जोडली होती. तीन माणसं खाणींतून हिंडत दगडांविषयी बोलतात, एवढीच त्याची मांडणी. त्यातला जाणकार बेर्मानुस हा खऱ्या माणसावर, लोरेन्झ बेर्मान नावाच्या खाणीच्या कारकुनावर बेतलेला आहे. दोघे विद्वान प्राचीन ग्रंथांतली नावं काढतात आणि कारकून म्हणतो, आमच्याकडे याला अमुक म्हणतात, आणि ते तुमच्या पुस्तकात नाही. बिस्मथचं उदाहरण घ्या. प्राचीनांना माहीत असलेल्या सात धातूंत न बसणारा हा धातू खाणकऱ्यांना ओळखीचा होता.

इतिहासाच्या दृष्टीनं ‘बेर्मानुस’ची मर्यादा उघड आहे. अग्रिकोला श्लिकच्या मृत्यूनंतर आला. गाव कसं सुरू झालं हे त्यानं पाहिलं नाही. त्याला त्यात फारसा रसही नव्हता. त्याच्याकडून दगड घ्यावेत, कामाची रीत घ्यावी. माणसांचा इतिहास दुसरीकडे शोधावा.

तो दुसरा साक्षीदार योहानेस माथेसिउस. १५३२ मध्ये तो इथल्या लॅटिन शाळेचा मुख्याध्यापक म्हणून आला. मध्यंतरी विटेनबेर्गला गेला, १५४० मध्ये मार्टिन लुथरच्या जेवणाच्या मेजावर बसून त्याचं बोलणं टिपून घेतलं, परतला आणि इथलाच धर्मोपदेशक झाला. १५६५ मध्ये तो इथेच वारला. खाणकऱ्यांसमोर खाणीची भाषा वापरून दिलेली त्याची प्रवचनं ‘सारेप्टा’ या नावानं १५६२ मध्ये न्यूरेंबेर्गला छापली गेली, आणि त्याच पुस्तकाला त्यानं गावाची वर्षवार हकिगत जोडली. गावाचा जन्म सांगणारा प्रत्येक जण आजही शेवटी या हकिगतीपाशी येतो.

मराठी वाचकाला तिची जात चटकन ओळखू येईल : शकावली. अमुक साली अमुक घडलं, पुढच्या साली तमुक. आणि आपल्याकडे बखरी-शकावल्या कशा वाचाव्यात याचा वाद राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडात जोरानं मांडला, तोच इथे उपयोगी पडतो. लिहिणारा घटनेच्या वेळी कुठे होता? १५१६ ते १५३२ पर्यंतच्या नोंदींत माथेसिउस साक्षीदार नाही. त्या त्यानं ऐकून किंवा हाती आलेल्या कागदांवरून लिहिल्या. १५३२ नंतर तो शेजारी आहे, आणि १५४२ नंतर, धर्मोपदेशक म्हणून, गावाच्या कारभारात त्याचा शब्द आहे. एकाच हकिगतीचे हे तीन तुकडे तीन वेगवेगळ्या वजनांनी तोलावे लागतात.

दुसरा प्रश्न, तो काय मोजतो? वर्षागणिक हिस्सेदारांना वाटलेला नफा तो देतो. हा आकडा लोक सरसकट खाणीचं उत्पन्न म्हणून वापरतात. ते चूक आहे. नफा वाटणाऱ्या खाणी थोड्या, भर मागणाऱ्या पुष्कळ. वाटलेल्या पैशाचा आलेख चढा असताना खोऱ्यातल्या बहुसंख्य खाणी तोट्यात असणं अगदी शक्य आहे. १५३० च्या दशकाच्या मध्यासाठी नऊशेहून अधिक खाणी, आठ हजार खाणकरी आणि अठरा हजारांवर लोकवस्ती असे आकडे सांगितले जातात. १५१६ ची वस्ती हजाराच्या आसपास धरतात. जनगणना नव्हती, तेव्हा शेवटच्या अंकापर्यंत त्यांवर भरवसा ठेवू नये. पण दोन दशकांत वस्ती पंधरा-अठरा पटींनी वाढली हे प्रमाण खोटं ठरवणारं काही नाही. १५३४ मध्ये नवं चर्च बांधायला घेतलं, ते १५४० मध्ये पुरं झालं. टांकसाळीची दगडी इमारत याच दशकातली, ती अजून उभी आहे. एवढं बांधकाम लहान गाव करत नाही.

आणि तिसरा प्रश्न, तो का लिहितो? १५६२ मध्ये चांदी ओसरू लागली होती. वरच्या थरातलं श्रीमंत खनिज संपलं होतं, खोल जावं तितकं पाणी उपसण्याचा खर्च वाढत होता, लाकूड महागलं होतं, आणि १५४५ मध्ये सापडलेल्या पोतोसीसारख्या अमेरिकेतल्या खाणींची चांदी युरोपात येऊन भाव पाडत होती. माथेसिउसच्या लेखी चांदी हा देवाचा प्रसाद. प्रसाद कमी का झाला, याचं उत्तर तो माणसांच्या वागण्यात शोधणार हे ओघानंच आलं. जुनी वर्षं त्याच्या हकिगतीत उजळ दिसतात त्यात काही उजेड चांदीचा आहे, काही प्रवचनकाराचा. तरीही त्याच्यावाचून चालत नाही. बखरकारावर पुरता विसंबून भागत नाही आणि त्याला टाकूनही भागत नाही, हा आपल्याकडच्या अभ्यासकांचाही जुना अनुभव.

गावात राहून वाचलेलं एक साधन मात्र आहे : लॅटिन शाळेचं ग्रंथालय. दोनशेहून अधिक जुनी पुस्तकं आज टांकसाळीच्या इमारतीतल्या संग्रहालयात आहेत. सावकार आणि खाणकऱ्यांच्या गावानं पुस्तकांवर इतका पैसा घातला. हिस्सेदारीचे हिशेब, तिमाही नोंदी, हक्कांचे दावे यांवर चालणाऱ्या गावाला लिहिता येणारी मुलं लागत असणार. शाळा ही इथे हौस नव्हती, खाणीचाच एक भाग होती, असं मी म्हणेन.

सतराव्या शतकात प्रोटेस्टंटांना देश सोडायला लावणारं धोरण आलं, बरेच जण सीमेपलीकडे सॅक्सनीत गेले, आणि गाव आकसलं. पुढची दोनेक शतकं कागदात कोबाल्ट, बिस्मथ आणि अधूनमधून चांदी आहे.

दुसरा जन्म झाला तो एका टाकाऊ दगडातून. चांदीच्या शिरेत मधेच डांबरासारखा काळा, जड दगड लागला की खाणकरी समजत, इथली चांदी संपली. ते तो दगड बाजूला फेकत. बर्लिनचा रसायनज्ञ क्लाप्रोट यानं १७८९ मध्ये अशा दगडातून नवं मूलद्रव्य वेगळं ओळखलं आणि त्याला युरेनियम नाव दिलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रसायनज्ञ आडोल्फ पाटेराच्या पद्धतीनं इथे युरेनियमपासून रंग बनवायचा कारखाना निघाला. काचेला पिवळी-हिरवी झाक देणारा तो रंग. युरेनियम काढून घेतल्यावर उरलेला गाळ रानात टाकला जाई. मारी आणि पिएर क्युरींना १८९८ मध्ये कळलं की या खनिजात युरेनियमहून कितीतरी जास्त किरणोत्सारी काहीतरी आहे. व्हिएन्नाचे भूशास्त्रज्ञ एडुआर्ड झ्युस यांच्या मध्यस्थीनं ऑस्ट्रियाच्या सरकारनं तो गाळ त्यांना दिला. पॅरिसला पोती पोचली तेव्हा तपकिरी मातीत पाइनच्या सुया मिसळलेल्या होत्या. १९०२ मध्ये त्यातून दशांश ग्रॅम शुद्ध रेडियम क्लोराइड हाती आलं. लगोलग गावात किरणोत्सारी पाण्याची स्नानगृहं निघाली, १९०६ पासून, आणि १९१२ मध्ये रेडियम पॅलेस नावाचं भव्य हॉटेल.

खाणकामानं खाणकऱ्यांचं काय केलं याची नोंद मात्र रेडियमच्या शोधाहून जवळपास साडेतीनशे वर्षं जुनी आहे. अग्रिकोलाच्या १५५६ च्या ग्रंथात एक वाक्य आहे : कार्पेथियन डोंगरांतल्या खाणींपाशी अशा बायका भेटतात ज्यांनी एकामागून एक सात नवरे केले, कारण धूळ फुप्फुसं खाऊन प्रत्येकाला अकाली नेते. तो हे योआखिमस्तालविषयी म्हणत नाही, हे लक्षात ठेवायला हवं. हे वाक्य इथल्यांच्या नावावर सर्रास घातलं जातं. सीमेपलीकडच्या श्नेबेर्गच्या खाणकऱ्यांना होणारा ‘डोंगररोग’ म्हणजे फुप्फुसातली घातक गाठ, हे १८७९ मध्ये हेर्टिंग आणि हेसे या डॉक्टरांनी दाखवलं. खुद्द याखिमोव्हच्या खाणकऱ्यांची शवविच्छेदनं करून पिर्खान आणि शिक्ल यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचा निबंध छापला तो १९३२ मध्ये. कारण म्हणून त्यांचं बोट खाणीतल्या किरणोत्सारी हवेकडे होतं. तोवर शेजारच्या स्नानगृहात त्याच किरणांचे उपचार पाव शतक चालू होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन बोलणाऱ्या रहिवाशांना हाकलण्यात आलं आणि योआखिमस्ताल हे नाव बोलणारं गावात जवळपास कुणी उरलं नाही. २३ नोव्हेंबर १९४५ ला चेकोस्लोव्हाकियानं सोव्हिएत संघाशी युरेनियमचा करार केला. तो गुप्त होता. १५१८ चा कायदा दूरच्या माणसानं वाचून इथे यावं म्हणून केला होता. १९४५ चा करार कुणी वाचू नये म्हणून दडवला गेला, आणि आता माणसं स्वखुशीनं येणार नव्हती. १९४९ ते १९६१ या काळात गावाभोवती कैद्यांच्या छावण्या होत्या. त्यांत राजकीय कैदी होते, हजारोंच्या संख्येनं, आणि ते अणुबाँबसाठी लागणारं खनिज काढत होते. या काळाचे कागद १९८९ नंतर उघडू लागले. श्लिकांच्या काळापेक्षा हा काळ आपल्या जवळचा असूनही त्याचा तपशील उशिरा हाती लागला.

युरेनियमचं काम १९६४ मध्ये थांबलं. सोळाव्या शतकात चांदीसाठी खोदलेली स्व्होर्नोस्त ही खाण तेवढी चालू आहे. तिच्यातून आता सांधेदुखीच्या उपचारांसाठी रेडॉनयुक्त पाणी वर काढून स्नानगृहांना पुरवतात. २०१९ मध्ये युनेस्कोनं सीमेच्या दोन्ही बाजूंचा हा खाणपट्टा जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. त्यातल्या २२ जागांपैकी १७ जर्मनीत आहेत, ५ झेक हद्दीत, आणि याखिमोव्ह त्या पाचांत आहे.